आकडा जसा आला तसा

या आठवड्यात आमच्या गल्लीत पुन्हा पाट्या उगवल्या. ऑक्टोबर लागला, मेपलची पानं लाल व्हायला लागली, की अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बर गावच्या अंगणांत तारेच्या दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या निवडणुकीच्या पाट्या येतातच. एका घरापुढे एका उमेदवाराचं नाव, शेजारच्या घरापुढे दुसऱ्याचं, आणि दोन्ही घरांच्या पायऱ्यांवर हॅलोवीनचे भोपळे मात्र सारखेच. यंदाची निवडणूक अध्यक्षपदाची नाही, अधल्यामधल्या वर्षातली आहे, त्यामुळे गलका बेताचा आहे. तरी पहिली पाटी दिसली आणि माझ्या कानात फोनची रिंग वाजायला लागली. माझ्या फोनची नव्हे. मी लावलेल्या फोनची. पलीकडच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात वाजत राहिलेली आणि कुणीच न उचललेली.

गेल्या अध्यक्षीय निवडणुकीचा अख्खा ऑक्टोबर मी तो आवाज ऐकण्यात घालवला. एका दुमजली इमारतीत खाली दातांचा दवाखाना होता आणि वर आमचं जनमत चाचणीचं दुकान. खालून ड्रिलचा बारीक सूर यायचा, वरून आमचं सुरू असायचं, "हॅलो, मी एका जनमत चाचणीसाठी बोलतेय, थोडा वेळ आहे का?" गावातले लोक त्या डॉक्टरांना आणि आम्हाला सारखेच टाळतात अशी माझी खात्री होती. खोलीला जुन्या कार्पेटचा वास, मायक्रोवेव्हमध्ये जरा जास्तच फुटलेल्या पॉपकॉर्नचा वास, आणि हेडसेटच्या स्पंजला कुणाकुणाच्या शॅम्पूचा. खिडकीखाली बसथांबा होता. थंडी वाढत गेली तशी तिथल्या विद्यार्थ्यांची डोकी टोप्यांत आणि हात खिशांत गेले, आणि आमचे फोन उचलणारे आणखी कमी झाले.

दुकानाची मालकीण मार्था. साठी ओलांडलेली, उंच, खांद्यावर बारा महिने तोच राखाडी स्वेटर. तिने एका टेबलापासून हे दुकान उभं केलं होतं आणि एका वर्तमानपत्राच्या भरवशावर चालवत आणलं होतं. निवडणुकीच्या वर्षी ते वर्तमानपत्र आमच्या चाचण्या छापायचं, आणि त्यामुळे बाकीची छोटी कामं यायची. तोंडावर मी तिला नुसतं मार्था म्हणायचे, मनात मार्थाबाई. मी नागपूरहून आलेली, इथे स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स केलेली, तिच्याकडे आकड्यांचं काम बघणारी. माझा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला होता. दुकान बंद पडलं तर माझं या देशातलं बिऱ्हाडही आवरायचं, इतकं ते सरळ होतं. आणि गंमत अशी की ज्या देशात मला मत नव्हतं, तिथल्या लोकांना त्यांचं मत विचारण्यावर माझं पोट होतं.

आईला माझं काम नेमकं काय ते कधीच कळायचं नाही. एकदा फोनवर मी तिला म्हटलं, "अगं, आमटीची चव बघायला पातेलंभर प्यावी लागते का? ढवळायची आणि चमचाभर घ्यायची. तसंच." ती म्हणाली, "ते ठीक आहे. पण इतक्या माणसांना तू ढवळतेस कशी?"

सगळी मेख तिथेच आहे. आमचा कॉम्प्युटर राज्यभरातले फोन नंबर चिठ्ठ्या टाकल्यासारखे काढायचा, म्हणजे ढवळायचं काम त्याने केलं. पण चमच्यात यायचं की नाही हे आमटीने ठरवायचं म्हटल्यावर काय करणार? फोन उचलायचे ते ठरावीक लोक. ॲन आर्बरचे निवृत्त प्राध्यापक तर आमची वाटच बघत असावेत. प्रश्न संपले तरी ते फोन ठेवायचे नाहीत. आमचे प्रश्न आणखी चांगले कसे विचारता आले असते तेही सांगायचे. आणि कारखान्यात रात्रपाळी करून झोपलेला पंचविशीतला पोरगा काही केल्या सापडायचा नाही. म्हणून मग वजनं द्यायची. राज्यात तरुण किती, म्हातारे किती, कॉलेजात गेलेले किती, न गेलेले किती हे जनगणनेतून माहीत असतं. त्या मानाने चमच्यात जे कमी आले त्यांचं उत्तर एकापेक्षा जास्त धरायचं, जे उदंड आले त्यांचं एकापेक्षा कमी. प्राध्यापकांना हे कळलं असतं तर ते दुखावले असते.

घरच्या फोनसाठी, म्हणजे लँडलाइनसाठी, आणखी एक नियम होता. ज्याने फोन उचलला त्यालाच विचारायचं नाही. घरातल्या मोठ्यांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार आहे, त्याला बोलवा म्हणायचं. नाही तर सगळ्या राज्याचं मत म्हणजे फोनजवळच्या खुर्चीत बसणाऱ्यांचं मत होऊन बसतं. पुरुषांना हा नियम अजिबात पटत नसे. "तिचं काय विचारायचंय? आमच्या घरचं मी सांगतो ना." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मला नागपूरचा आमचा दिवाणखाना आठवायचा. तिथेही कुणी विचारायला आलं असतं तर बाबांनीच सांगितलं असतं, आणि आई आतून पोहे परतत ऐकत राहिली असती. तिचं मत वेगळं होतं हे मला फार उशिरा कळलं, तेही तिने सांगितलं म्हणून. कदाचित त्यामुळेच असेल, पण मला तो वाढदिवसाचा नियम मनापासून आवडायचा.

आणि प्रश्न वाचायचा तो शब्दन् शब्द, लिहिलाय तसा. एक शब्द इकडचा तिकडे नाही, आवाज चढवायचा नाही, हुंकार द्यायचा नाही. या कामात आमच्यातला मार्कस वस्ताद होता. पूर्वी रेडिओवर बातम्या द्यायचा; उमेदवाराचं नाव आणि हवामान तो एकाच सुरात वाचायचा. एखादी आजी त्याला विचारायची, "तुला रे काय वाटतं, बाळा?" तो शांतपणे म्हणायचा, "तुम्हाला जे वाटतं तेच मला लिहायचंय, मॅम." मला ते जड जायचं. मराठी माणसाला दिवसभर दुसऱ्याचं मत ऐकून स्वतःचं गिळायला लावणं ही शिक्षाच आहे. ऑक्टोबर सरता सरता माझा घसा मतांनी खवखवायला लागला होता.

आमचं मिशिगन म्हणजे काठावरचं राज्य. इथे निवडणुकीचा तराजू कुठे झुकेल हे शेवटपर्यंत सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांचा डोळा इथेच. टीव्ही लावावा तर जाहिराती, टपालपेटी उघडावी तर रंगीत पत्रकं, फोनवर सकाळ-संध्याकाळ मेसेज. लोक विटले होते. आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही हे सांगेपर्यंत फोन ठेवलेला असायचा. काही जण ठेवण्याआधी शिव्या घालायचे, काही ठेवल्यावर घालत असावेत. पण मधूनच कुणीतरी सापडायचं. एक बाई मुलाला दूध पाजता पाजता दबक्या आवाजात सगळी उत्तरं देऊन गेली. एक म्हातारा प्रत्येक प्रश्नाला "हा प्रश्न चांगला आहे" म्हणायचा आणि विचार करायचा. अशा फोननंतर मी उगाचच उठून खोलीत एक चक्कर मारून यायचे. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

त्या वर्षी दिवाळी निवडणुकीच्या तोंडावर आली होती. एका शाळेच्या जेवणघरात इथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. काचेच्या भांड्यांतली चिवड्या-चकल्यांची रांग, मुलांची नाचाची तालीम, आणि कोपऱ्यात निवडणूक. साठे काकांनी मला गाठलं. डेट्रॉइटकडच्या उपनगरात गाड्यांच्या कंपनीत उभी हयात गेलेले, आता निवृत्त, आवाज खणखणीत.

"अगं मेघना, तू तर आतली माणूस. सांग ना, कोण येतंय?"

"काका, सांगता येत नाही. फार क्लोज आहे."

"क्लोज आहे हे मला टीव्हीवाला फुकट सांगतो. मी तुला सांगू? आमच्या वॉकिंग ग्रुपमध्ये मी सगळ्यांना विचारलंय. एकजात सगळे एकाच बाजूला. लिहून घे."

मागून त्यांची मुलगी रिया लाडू खात म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट अ सॅम्पल. दोज आर युअर फ्रेंड्स."

सगळे हसले, काकाही हसले. पण त्यांचा विश्वास तसूभरही हलला नाही. परवा त्यांचा पुन्हा फोन आला होता, यंदाही वॉकिंग ग्रुपचा निकाल तयार आहे. मला त्यांचा राग येत नाही. आपण ज्यांच्यात उठतो-बसतो तेच जग, असं कुणाला वाटत नाही? आमचा सगळा खटाटोप त्या वाटण्याच्या विरुद्ध आहे, एवढंच. ज्यांच्यात आपण कधी उठत-बसत नाही त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि दार उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवायचं.

मग शेवटची चाचणी आली. मतदानाआधीची, वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून यायची. तोवर राज्यातल्या बाकी सगळ्या चाचण्या एकाच सुरात बोलत होत्या. एक उमेदवार किंचित पुढे, अगदी केसाएवढा. आमचं फोनचं काम शनिवारी संध्याकाळी संपलं. मी वजनं लावली आणि आकडा पडद्यावर आला. आमच्यात दुसरा उमेदवार पुढे होता, आणि केसाएवढा नव्हे, चांगला दिसेल एवढा.

मी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. तेच आलं. मार्था खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली, चष्मा कपाळावर ढकलला आणि पडद्यावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचला. खालचा दवाखाना बंद झालेला होता, त्यामुळे खोली नेहमीपेक्षा शांत होती. "उद्या दुपारी बोलू," म्हणाली आणि स्वेटर सारखा करत निघून गेली.

मला भीती वाटत होती, हे कबूल करायला काय हरकत आहे? आकडा छापला आणि तोंडावर आपटलो, तर वर्तमानपत्र जाईल, वर्तमानपत्र गेलं की दुकान जाईल, आणि दुकानापाठोपाठ मी. सकाळी मी घरी फोन लावला. बाबा शाळेत गणित शिकवायचे, आणि दर निवडणुकीत त्यांना ड्यूटी लागायची. मतदान केंद्रावर बसून लोकांच्या बोटांना शाई लावण्यात त्यांनी कितीतरी दिवस घालवले होते. मतं मोजून झाल्याशिवाय निकालाबद्दल बोलणं त्यांना मुळातच चहाटळपणा वाटायचा. तरी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं उत्तर बाकीच्यांसारखं नाही."

"नाही ना बाबा."

"पण रीत बरोबर आहे?"

"रीत सप्टेंबरमध्येच ठरवली होती. तशीच पाळली आहे."

"मग झालं तर. मी पेपर तपासताना शेजारच्याचं उत्तर बघून हा बरोबर की चूक ठरवत नव्हतो. पायऱ्या बघायचो."

"पण उत्तर चुकलं तर?"

"चुकेल की. चुकलं तर चुकलं. पायऱ्या दिसल्या तर कुठे चुकलं ते तरी सापडतं."

बाबांच्या बोलण्याने धीर आला असं नाही. भीती होती तिथेच राहिली, पण तिच्या शेजारी हट्टही येऊन बसला. आमच्या घरात हट्ट पुरवला जात नसे, तरी तो सगळ्यांकडे भरपूर होता.

दुपारी मार्था आली ती उपाय घेऊनच. सगळेच म्हणतात आम्ही मतदानाला जाणार, आणि प्रत्यक्षात सगळे जात नाहीत. त्यामुळे खरोखर जाणारे कोण हे आम्हाला गाळून घ्यावं लागतं. सप्टेंबरमध्ये आम्ही ठरवलं होतं की जो 'नक्की जाणार' म्हणतो आणि ज्याला आपलं मतदान केंद्र माहीत आहे, तो धरायचा. मार्थाचं म्हणणं, ही चाळणी सैल आहे. गेल्या वेळी ज्यांनी मत दिलं होतं तेवढेच धरू. तिने रात्री हिशेब करून पाहिला होता. पहिल्यांदा मत देणारे गळून पडले की आकडा सरकत सरकत बरोबर बाकीच्यांच्या रांगेत येऊन उभा राहत होता.

आणि अडचण अशी होती की यात खोटं काहीच नव्हतं. कितीतरी चांगले लोक हीच चाळणी वापरतात. कुणी विचारलं असतं तर आम्हाला तासभर तिचं समर्थन करता आलं असतं. बाहेरच्या कुणाला कधी काही कळलं नसतं. चुकलो असतो तरी सगळ्यांबरोबर चुकलो असतो, आणि सगळ्यांबरोबर चुकणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही.

मी म्हटलं, "मार्था, आपला आकडा बाकीच्यांसारखा आला असता, तर काल रात्री तू ही चाळणी बदलून बघितली असतीस?"

तिने खांद्यावरचा स्वेटर सारखा केला. 

"तूच शिकवलंस ना," मी म्हटलं, "नियम आधी ठरवायचे, आकडा नंतर बघायचा. आकडा बघून नियम बदलले तर आपण लोकांना विचारलंच कशाला? बाकीच्यांचे आकडे घ्यायचे, सरासरी काढायची, फोनबिल तरी वाचलं असतं."

"तुला माहीत आहे काय होऊ शकतं," ती म्हणाली. "मला, आणि तुला."

"माहीत आहे."

"तुला परत जावं लागेल, मेघना."

"जाईन. पण ज्यांनी आपल्याला उत्तरं दिली, त्यांची उत्तरं आपल्याला आवडली नाहीत म्हणून बदलली, असं मनात घेऊन जाणार नाही."

हे वाक्य तेव्हा मला फार बाणेदार वाटलं होतं. आता वाटतं, चोविशीत बाणा स्वस्त असतो. मार्थाच्या वयात तो परवडणं कठीण. तिच्या हातात एका टेबलापासून उभं केलेलं आयुष्य होतं, माझ्या हातात दोन बॅगा. तरी ती उठली, खिडकीपाशी गेली, खाली बसची वाट बघणाऱ्या लोकांकडे बघत उभी राहिली. मग वळून म्हणाली, "जसा आला तसा पाठव. आणि खाली चुकीची मर्यादा, आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ती, जरा मोठ्या अक्षरात छापा म्हणावं, निदान आपल्या समाधानासाठी."

छापून आल्यावर व्हायचं तेच झालं. टीव्हीवर एका गृहस्थांनी आमचा आकडा वाचला आणि भुवई उडवली. कुणी म्हणालं आम्ही विकले गेलो, कुणी म्हणालं आम्हाला मोजता येत नाही. साठे काकांनी फोन करून विचारलं, "अगं, काय प्यायला होतात की काय तुम्ही लोक?" ज्यांना आमचा आकडा सोयीचा होता त्यांनी आम्हाला डोक्यावर घेतलं, आणि त्याचा मला जास्त त्रास झाला. त्यांनाही रीत बघायची नव्हती, उत्तर हवं होतं.

मतदानाच्या दिवशी मी चालत निघाले. गावातल्या शाळा, वाचनालयं, चर्च, जिथे जिथे मतदान होतं तिथे बाहेर रांगा होत्या. कोट घातलेले लोक, पोरांना कडेवर घेतलेले लोक, पानं तुडवत उभे असलेले. माझ्या पडद्यावर ज्यांचे आकडे व्हायचे ती ही माणसं. मला त्यांच्यापैकी कुणालाही काहीही विचारायचं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्यालाही मत असावं असं मला फार तीव्रतेने वाटलं.

निकाल लागला आणि आम्ही चुकलो. बाकी सगळे ज्याला किंचित पुढे म्हणत होते, तोच राज्यात जिंकला, तोही थोडक्यात. मी सकाळीच येऊन हिशेब मांडला. आमचा आकडा आणि खरा निकाल यांतलं अंतर, आम्ही खाली छापलेल्या चुकीच्या मर्यादेच्या आतच होतं. इतक्या अटीतटीच्या निवडणुकीत दोघांमधलं अंतरच आमच्या चुकीच्या शक्यतेपेक्षा कमी असतं; म्हणजे कोण पुढे हे सांगायची आमची ताकदच नसते, आणि लोकांना मात्र नेमकं तेवढंच ऐकायचं असतं. मी हे सगळं मार्थाला उत्साहाने समजावून सांगितलं, जसं काही तिला माहीतच नव्हतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आणि हे बाहेर कुणाला सांगू नकोस. आपण चुकीच्या बाजूला होतो. आता यापुढचं काहीही बोललं तरी ते सबबीसारखं ऐकू येतं."

वर्तमानपत्राने फार सभ्य भाषेत कळवलं की पुढच्या वेळी ते दुसऱ्या कुणाबरोबर काम करतील. मार्कसने आपला कप धुऊन कपाटात ठेवला, मग पुन्हा बाहेर काढला आणि कॉफी ओतून घेतली. मार्था म्हणाली, हिवाळाभर दुकान चालेल, पुढचं तिला माहीत नाही. मला रडू येत होतं आणि रडायचंही नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "मग हिवाळ्यात कुठे चुकलो ते शोधू."

शोधायचं कसं हा प्रश्नच होता. ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यात चूक सापडणार नव्हती. ती ज्यांनी फोन ठेवला त्यांच्यात होती. आमची वजनं एक गोष्ट गृहीत धरून चालतात, की फोन उचलणारा पोरगा न उचलणाऱ्या पोरासारखाच असतो. तसा तो नसला तर? म्हणून आम्ही ठरवलं की ऑक्टोबरमध्ये ज्यांनी आम्हाला हाकललं होतं, त्यांनाच पुन्हा फोन करायचे. निवडणूक होऊन गेल्यावर, कुणाला काही पडलेलं नसताना. मार्कस म्हणाला, हा वेडेपणा आहे. आणि त्याने हेडसेट लावला.

नवी स्क्रिप्ट मी लिहिली. मार्थाने वाचली, पेन घेतलं आणि सुरुवातीला स्वतःच्या हाताने एक वाक्य घातलं. मी म्हटलं, असं कुणी सांगतं का? ती म्हणाली, "आपण सांगू. सगळ्यांना, शब्दन् शब्द, सारखंच."

दुकान तगलं, हे आता सांगून टाकते. लहान झालं, अर्धी जागा दवाखान्याने घेतली, आणि ड्रिल आता भिंतीपलीकडे वाजतं. वर्तमानपत्राचं मोठं काम गेलं, पण शाळांची, पाणीपुरवठ्याची, गावोगावची छोटी कामं येत राहिली. माझा व्हिसाही तगला. यंदाच्या चाचणीचे नियम आम्ही सप्टेंबरमध्येच ठरवून टाकले आहेत, आणि आकडा काय येईल हे मला माहीत नाही. काही आला तरी तो तसाच जाईल. तेवढं मात्र ठरलेलं आहे. लोक विचारतात, एकदा एवढं हसं झाल्यावर पुन्हा कशाला त्या फंदात पडता? त्यांना काय सांगावं कळत नाही, कारण जे सांगायचं ते त्या नोव्हेंबरमधल्या एका फोनमध्ये घडलं आणि ते तसं काहीच मोठं नव्हतं.

बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. दिवसभर कुणी धड बोललं नव्हतं. राज्याच्या पार वरच्या टोकाच्या एका लहान गावातला नंबर पडद्यावर आला. ऑक्टोबरमध्ये मीच लावला होता तो, आणि एका बाईंनी माझं पहिलं वाक्य संपायच्या आत आपटून ठेवला होता. रिंग बराच वेळ वाजली. मग फोन उचलला गेला. मागे टीव्ही चालू होता, काहीतरी परतल्याचा आवाज येत होता.

"निवडणूक झाली," बाई म्हणाल्या. "आता कशाला फोन करताय?"

मी मार्थाचं वाक्य वाचलं. लिहिलं होतं तसंच, आवाज न चढवता. "निवडणुकीआधी आमच्या चाचणीचा अंदाज चुकला. ज्यांचं म्हणणं तेव्हा आमच्यापर्यंत पोचलं नाही, ते समजून घ्यायला आम्ही फोन करतो आहोत."

  पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"तुम्ही चुकलात हे सांगायला फोन केलात?"

"हो, मॅम."

"या वर्षी मला जे जे फोन आले ना," त्या सावकाश म्हणाल्या, "त्या सगळ्यांना आधीच सगळं माहीत होतं."

यावर काय बोलायचं ते स्क्रिप्टमध्ये नव्हतं. परतल्याचा आवाज थांबला.

"थांब," त्या म्हणाल्या. "शेगडी बंद करून येते. मग नीट विचार, काय विचारायचंय ते."

मी हेडसेट कानाशी घट्ट धरून थांबले.